दहाला तीन कमी

आमच्या बेटावर नारळ मोजता येणारी दोनच माणसं उरली होती. एक मी, पोसांगट, आणि दुसरी न्यालोऊ म्हातारी. तिला दिसत नाही. त्यामुळे बेटावरचा सगळ्यांत मोठा मोजणीदार मी, असं मीच सगळ्यांना सांगत असे.

नारळ म्हणजे मासे नव्हेत. नारळांचे आकडे वेगळे. चार-चार नारळांची जुडी बांधायची आणि एका जुडीला एक म्हणायचं. सहापर्यंत सरळ जायचं. सातव्या जुडीला 'दहाला तीन कमी' म्हणायचं, मग 'दोन कमी', मग 'एक कमी', मग दहा. शाळेत हे शिकवत नाहीत, म्हणून मी पोरांना होड्या ठेवायच्या छपराखाली बसवून शिकवतो. सहा वर्षं झाली. मी "सहा" म्हणून थांबतो, हात कानामागे नेतो आणि विचारतो, "मग पुढे?" पोरं ओरडतात. त्यातली न्याकाली तर वाळूत खेकड्याचं बीळ उकरता उकरता ओरडते, वर बघतही नाही. मला वाटायचं, माझ्यामागे हे सगळं बुडणार. खरं सांगायचं तर असं वाटण्यात थोडं सुखही होतं. शेवटचा जाणकार असण्याचा रुबाब काही वेगळाच.

माझी भाची हिपोन, तिचं लग्न ठरलं. मुलीकडचे नारळ मुलाकडच्यांसमोर मोजून द्यायचे आणि मध्ये आवाज तुटू द्यायचा नाही, ही आमची रीत. तुटला तर ते देणं धरतच नाहीत, आणि 'रिकाम्या हातांनी आली' हे मुलीला जन्मभर ऐकावं लागतं.

"मामा, नक्की जमेल ना?" हिपोनने विचारलं. "नाहीतर मी न्यालोऊआजीला हात धरून जुड्यांवरून फिरवते, ती मोजेल."

"अगं, मी झोपेत मोजतो!"

"तेच म्हणते. झोपेत नको मोजूस."

लग्नाच्या दिवशी तीस जुड्या मांडल्या होत्या. पहिल्या वीस मी अशा झोकात मोजल्या की मलाच माझं कौतुक वाटलं. तिसरं दशक सुरू केलं. समोर माझी पोरं ओळीने बसलेली दिसली. "चार, पाच, सहा..."

आणि मी थांबलो. हात आपोआप कानामागे गेला. "मग पुढे?"

"दहाला तीन कमी!" पोरं ओरडली. न्याकाली उठून पुढच्या जुडीला हात लावत चालली, बाकीची तिच्या मागे. "दोन कमी! एक कमी! दहा!"

माझा हात कानामागेच.

नवरदेवाचा काका पोकिसेल ताडकन उठला. "तुटली! मोजणी तुटली!"

हिपोनने उठून माझ्याकडे असं पाहिलं की मी जुडीमागे लपायला जागा शोधू लागलो.

"मला तर आवाज तुटलेला ऐकू आला नाही," न्यालोऊ म्हणाली. अशा वेळी शेवटचा शब्द तिचाच.

"अहो आजी, म्हाताऱ्याचं तोंड बंद पडलं होतं!"

"मला कुठे तोंड दिसतंय? मोजणी चालू होती. शेवटची तर जास्त स्वच्छ होती."

"आणि 'मग पुढे' हा कुठला आकडा?"

"तो त्याचा खोकला आहे रे. सहा वर्षं ऐकतेय, छपरामागेच राहते ना मी."

पोकिसेलला हसू आवरेना. सुपारीने लाल झालेलं तोंड पुसत त्याने नारळ उचलायला सांगितले. हिपोन तेव्हा कुठे बसली.

पुढच्या महिन्यात पोकिसेलच्या घरी कार्य निघालं. तो आमच्याकडे येताना दिसला तसे मी केस विंचरले.

"न्याकालीला पाठवता का मोजायला?" तो म्हणाला.

"आणि मी?"

"या की तुम्हीपण. जुड्या बांधायला माणूस हवाच आहे."

गेलो. बांधल्या. एका जुडीत तीनच नारळ बांधले गेले. न्याकालीने ती पायाने बाजूला सारली आणि आवाज न तोडता पुढे गेली.