प्रवासाचा ताप

रात्रीचा पाऊस थांबून सकाळी लख्ख ऊन पडले होते. किनाऱ्यावरच्या आपल्या टपरीत तो भाड्याने द्यायच्या ट्यूबा तपासत बसला होता. ट्यूब पंपाने फुगवायची, बादलीत बुडवायची आणि बुडबुडे कुठून येतात ते पाहायचे. हे काम पहिल्यापासून त्याचे. टॉवेल धुणे, वाळवणे, घड्या घालणे बायकोचे होते. ती गेल्यावर तेही त्याच्याकडे आले. त्याच्या घड्या काही केल्या बसत नसत. कुणी हात लावला की फळीवरची सगळी चळत खाली यायची.

बायकोला सगळे मासोळी म्हणत. उथळ पाण्यात उभी राहून ती पाहुण्यांच्या मुलांना पाठीवर तरंगायला शिकवायची. "पोट वर, तोंड बंद!" ती ओरडायची. "पोट वर आमच्या ह्यांना छान जमतं. बुडतात ते तोंडामुळे." मुलांच्या आया हसायच्या. टपरीत बसून तोही हसायचा.

आता टपरीत दिवसभर शुकशुकाट. गिऱ्हाईक भाव विचारी, तो सांगे, संपले. संध्याकाळी कुलूप लावताना त्याच्या लक्षात यायचे, की आज आपण कुणाशी धड बोललोच नाही.

मागे असाच मोठा पाऊस झाला होता. गटारे तुंबली आणि गावाचा नाला वाळूवरून थेट समुद्रात गेला. मासोळीच्या टाचेला शिंपल्याने कापले होते. थोरल्या जावेला ती म्हणाली, "आज नको वाटतंय. टाच ठणकतेय."

"अगं, खाऱ्या पाण्यानं जखम लवकर भरते," जाऊ म्हणाली. "आणि आपल्या लॉजवरच्या पाहुण्यांना आमच्या ह्यांनी शब्द दिलाय. जाऊन ये जरा."

ती गेली. संध्याकाळी टाच सुजली. दुसऱ्या दिवशी पाय लाल झाला, ताप चढला, ती असंबद्ध बोलू लागली. हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नाल्याबरोबर जंतू समुद्रात गेले. मिठानं ते सगळे मरत नाहीत. जखमेतून रक्तात उतरले." त्यांनी प्रयत्नांची शर्थ केली. ती वाचली नाही.

या किनाऱ्यावर अशा आजारांना एक ठरलेले नाव होते. पोहून आल्यावर एखाद्या पाहुण्याला जुलाब लागत, कुणाचा कान दुखे, कुणाला ताप भरे. लॉजवाले, टपरीवाले, रिक्षावाले सगळे एका सुरात म्हणत, प्रवासाचा ताप. हवा बदलली, दगदग झाली, होतं असं. पाहुणे मान डोलवत आणि दुखणे घेऊन आपल्या गावी परतत. किनाऱ्याला बोल लागत नसे.

मासोळी गेली तेव्हाही हेच झाले. थोरला भाऊ, लॉजचा मालक, त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "प्रवासाचा ताप रे. कुणाच्या हातात नसतं."

"ती कुठे गेली होती, दादा?"

भावाने पाठीवरचा हात काढून घेतला.

"घरातून टपरीत, टपरीतून पाण्यात. यात प्रवास कुठला?"

"लोक विचारतात. काहीतरी सांगावं लागतं," भाऊ म्हणाला आणि चपला शोधू लागला. त्यानंतर धाकट्याच्या घरी येणारी माणसे कमी कमी होत गेली.

आज पुन्हा नाला भरून वाहत होता. पाण्याच्या तपासणीचा अहवाल यायचा होता, त्यामुळे पोहायला मनाई करणारा नगरपालिकेचा लाल झेंडा लागला नव्हता. समुद्र निळाशार दिसत होता.

भावाच्या लॉजवर उतरलेली एक बाई दोन मुलींना घेऊन टपरीपाशी आली. धाकटीचा गुडघा खरचटला होता.

"काका, दोन ट्यूबा द्या."

"आज देत नाही."

"का? एवढ्या तर पडल्यात!"

"पावसानं नाला समुद्रात आलाय, ताई. दोन-तीन दिवस पाण्यात उतरू नका. हिचा गुडघा फुटलाय, हिला तर मुळीच नको."

"पण पाणी किती स्वच्छ आहे! लॉजवाले म्हणाले, आज मस्त आहे."

"जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. माझी बायको याच पाण्यानं गेली."

हे शब्द त्याने मोठ्याने पहिल्यांदाच उच्चारले होते. शेजारच्या टपरीतली गडबड थांबली. कुणीतरी लॉजकडे पळाले आणि भाऊ धापा टाकत आला.

"पाहुण्यांना घाबरवतोस? ताई, याचं मनावर घेऊ नका. बायको गेल्यापासून याचं डोकं ठिकाणावर नाही."

त्याने ट्यूब खाली ठेवली. "नसेल. माझं ऐकू नका, ताई. यांना एवढंच विचारा, रोज पाण्यात डुंबणाऱ्या तुमच्या दोघी नाती आज कुठे आहेत?"

बाईने किनाऱ्यावर नजर टाकली. पाण्यात होती ती सगळी पाहुण्यांची मुले. गावातले एकही पोर तिथे नव्हते.

"कुठे आहेत?" तिने भावाला विचारले.

"घरी. अभ्यास आहे त्यांना."

"सुट्टीत?" मोठी मुलगी म्हणाली.

बाईने दोघींचे हात धरले आणि ती मागे फिरली.

"माझ्या दारात पुन्हा पाऊल टाकू नकोस," भाऊ म्हणाला.

"बरं, दादा."

त्या दिवशी त्याने टपरी बंद केली. एक खुर्ची उचलली आणि नाला जिथे वाळूतून समुद्राला मिळतो तिथे नेऊन मांडली. येईल त्याला तो सांगत राहिला. काही परतले. काही हसले. एकाने विचारले, "समुद्र काय तुमच्या मालकीचा आहे का?"

"नाही. म्हणून तर सांगतोय."

दुपारी एक तरुण बाप लहान मुलाला कडेवर घेऊन घोटाभर पाण्यात उतरला. लांब टपऱ्यांच्या रांगेकडे वळून त्याने हाक दिली, "पाणी ठीक आहे ना हो?"

सगळ्यांनी ऐकले. एकाने काउंटर पुसायला घेतला, दुसऱ्याने फोन कानाला लावला, तिसरा उगीच दोरी सोडून पुन्हा बांधू लागला.

"नाही!" तो खुर्चीतून ओरडला. लाटांच्या आवाजात ते ऐकू गेले की नाही कळेना. म्हणून तो उठला आणि वाळूतून त्या बापाच्या दिशेने चालू लागला.