भिंतीपलीकडची पट्टी

“ही जमीन वापरायची परवानगी तुम्हाला कुणी दिली होती का?” न्यायाधीशबाईंनी विचारलं.

मेव्हिस सग्डनने मांडीवरची पर्स घट्ट धरली. तिचा तरुण वकील नेलर निर्धास्त बसला होता. त्याने तिला आधीच समजावलं होतं, “मालकाला न विचारता, मालकासारखी बारा वर्षं कसलीत, तर जमीन तुमची. परवानगीने कसलीत, तर पन्नास वर्षांनीही हातात भोपळा.” तेव्हा तिने नुसती मान डोलावली होती.

मेव्हिसचा जन्म इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करण्यात गेला. नवरा वारला त्या वर्षी सुट्टीच्या दिवशी घर खायला उठे. मागच्या भिंतीपलीकडे शेजारच्या एमोस बर्टव्हिसलची काटेरी झुडपं माजलेली पट्टी होती. एका रविवारी ती कोयता घेऊन भिंत ओलांडून गेली, तर पाठीमागे एमोस उभा!

“चोरी करतेस होय गं?”

“काटे चोरतेय. हवेत का तुला?”

“ने, ने. आणि काय लावायचं ते लाव. मला विचारत बसू नकोस.”

त्याला बावीस वर्षं झाली. घेवडा, बटाटे, कांद्याच्या जातीची लीक. गुडघे दुखायला लागल्यावर एमोस खुर्ची टाकून नुसत्या चुका काढायचा. गेल्या हिवाळ्यात तो गेला आणि त्याची भाची लॉरेन पट्टी विकायला निघाली, तेव्हा प्रकरण कोर्टात आलं.

“बाई, उत्तर द्या.”

“दिली होती. एमोसने.”

नेलरने डोळे मिटले.

“लेखी?”

“छे हो! तोंडी. तिथे तिसरं कुणी नव्हतं.”

“याचा परिणाम कळतोय ना तुम्हाला?”

“कळतोय. पण नाही म्हटलं, तर मी त्याची जमीन लाटली आणि त्या बावळटाला पत्ता लागला नाही, असं होईल. तो बावळट नव्हता. त्याने दिली होती मला.”

बाहेर लॉरेन तिच्यामागे धावत आली. “मामा कधी बोलला नाही हो. तुम्ही पीक निवांत काढा, घाई नाही.”

“काढीन हं, पोरी.”

शनिवारी मेव्हिसने पट्टी रिकामी केली. घेवड्याच्या काठ्यांची मोळी बांधली, अवजारांची छपरी उतरवली. फावडं नळाखाली धुतलं, फडक्याने कोरडं केलं आणि ठेवायला दुसरी जागा नव्हती म्हणून घरात, कोटांच्या खुंटीखाली उभं केलं.