टायरवर नाव कोण लावणार?

मित्रांनो, मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. व्हीलचेअर म्हणून हाक मारलीत तरी ओ देईन. माझ्या पाठीमागे एक पितळी पट्टी आहे आणि तिच्यावर एका बाईंचे नाव कोरलेले आहे. त्या मला कधी भेटल्या नाहीत. त्या गेल्यावर त्यांच्या यजमानांनी त्यांच्या आठवणीसाठी मला विकत घेतले आणि एका छोट्या संस्थेला दिले.

संस्था म्हणजे एका गॅरेजमधले टेबल, एक कपाट आणि आम्ही. आजारी माणसाला खुर्ची, काठी, वॉकर वापरायला द्यायचे आणि काम झाले की परत घ्यायचे, भाडे नाही. हे सगळे एक निवृत्त परिचारिका बघत. त्यांना सगळे मावशी म्हणत.

सुरुवातीची वर्षे मी खूप फिरले. मोडलेले पाय, दुखरे गुडघे, अंगणातले ऊन, दवाखान्याच्या रांगा. मग एका उंबऱ्यावर माझे पुढचे छोटे चाक निखळले. मागचे टायरही झिजले होते. मावशींनी मला भिंतीशी लावले आणि वर चादर टाकली. आज ना उद्या बघू, म्हणाल्या. हळूहळू माझ्या शेजारी आणखी दहा जणी येऊन उभ्या राहिल्या.

नव्या खुर्च्या मात्र दर वर्षी येत, थोड्या थोड्या. त्या कधीच पुरत नसत.

जमाखर्चाचे कागद मावशी बुटांच्या खोक्यात ठेवत. शेवटी कुणीतरी सुचवले म्हणून एक हिशोबनीस बाई येऊ लागल्या. त्या कुणा एकाच्या नोकरीत नव्हत्या. तीन-चार लहान संस्थांचे काम वाटून घेत आणि आमच्याकडे फक्त मंगळवारी येत.

"खिशात दमडी नाही आणि हिशोबनीस ठेवायचा," मावशी पहिल्याच दिवशी कुरकुरल्या.

"महिन्याचे चार मंगळवार, तेवढ्याचेच पैसे घेईन," बाई म्हणाल्या. "पाचवा आला तर चहा तुमचा. आता आधी खुर्च्या दाखवा, खोकं नंतर."

त्यांनी एकेक चादर उचलून आम्हाला मोजले. कुणाचे काय बिघडले आहे ते लिहून घेतले. माझ्या आठवणीत कुणी आमच्याकडे इतके नीट पाहिले नव्हते.

त्या मोजत असतानाच एक मुलगी आत आली. मुलगी म्हणजे चाळिशीची बाई. वडिलांसाठी आली होती म्हणून मला ती मुलगीच वाटली. वडील पूर्वी बस चालवत. दोन महिने खाटेवरून उठले नव्हते.

"एकही खुर्ची शिल्लक नाही गं," मावशी म्हणाल्या. "नव्या यायला तीन महिने तरी लागतील."

"तीन महिने त्यांच्याकडे आहेत का, ते डॉक्टर सांगत नाहीत," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. अकरा खुर्च्यांकडे एकदा बघितले, टेबलावरच्या वहीत नाव-नंबर लिहिला आणि गेली.

 हिशोबनीस बाईंनी खोके उघडले. संध्याकाळपर्यंत त्यांनी प्रत्येक देणगीचे वेगळे पान केले.

"मावशी, दोन नव्या खुर्च्यांचे पैसे बँकेत पडून आहेत. तेवढ्यात या अकरापैकी नऊ जणी उद्या चालायला लागतील."

"ते नव्या खुर्च्यांसाठी दिलेत. त्यांना हात लावायचा नाही. आणि दुरुस्तीला कोण देतंय? नव्या खुर्चीवर नाव लागतं. टायरवर नाव कोण लावणार?"

"परवानगीशिवाय हात लावायचा नाही, हे बरोबरच. पण परवानगी मागायचीच नाही, असं कुठे लिहिलंय?"

 इतकी वर्षे मावशी प्रामाणिकपणे गप्प राहिल्या होत्या. बाईंनी तिथूनच देणगीदारांना फोन लावला.

तासाभरात देणगीदार आजोबा स्वतः आले. हे पैसे त्यांचेच होते आणि माझ्या पट्टीवरच्या बाईंचे यजमानही तेच. बाईंनी त्यांच्यासमोर एकच कागद ठेवला. एक खुर्ची वर्षभर चालती ठेवायला काय लागते ते त्यावर लिहिले होते. त्यांनी तो वाचला आणि भिंतीशी आले. चादर बाजूला करून पट्टीवरची धूळ बोटाने पुसली.

"आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून," मावशी म्हणाल्या.

"वाटलंच." त्यांनी चादरीची घडी घातली. "हिला अडगळीत बसायला कधीच आवडलं नाही. सायकलवाल्याला बोलवा."

"माझी फी यात धरलेली नाही," बाई म्हणाल्या. "ती वेगळी मागणार आहे."

"मागा. इतक्या वर्षांत मला कुणी काही विचारलंच नव्हतं."

शनिवारी मी त्या मुलीच्या घरी पोहोचले. बसचालक माझ्यात बसले, ब्रेक दोनदा ओढून पाहिला आणि लेकीला म्हणाले, "जन्मभर लोकांना बसवून नेलं. आता मला ने. आणि वळताना आरशात बघ."

"बाबा, हिला आरसा नाही."

"मग माझ्याकडे बघ."

रोज सकाळी आम्ही डेपोच्या फाटकापर्यंत जायचो. कुठली गाडी उशिरा सुटली ते त्यांना बघायचे असे. जुने कंडक्टर खिडकीतून टोमणे मारत आणि ते खूश होत. असे सात आठवडे गेले.

मग एका मंगळवारी ती मला परत घेऊन आली. माझा एकेक आरा तिने कापडाने पुसला होता. हिशोबनीस बाईंनी तिच्यासमोर वही ठेवली. तिने सही केली.

"सात आठवडे मिळाले," ती म्हणाली. "तुम्ही त्या दिवशी फोन केलात म्हणून."

बाईंनी मान हलवली.

"आता कुणाला द्यायची?"

"चार गल्ल्या पलीकडे. एका शिक्षिकेला."

"मी सोडून येते."

मित्रांनो, रिकामी असले की मी अगदी हलकी असते. तरी ती मला हळू, खड्डे चुकवत ढकलत होती. शिक्षिकेच्या दारात थांबून तिने त्यांच्या मुलाला समजावले, "चाकं ओली राहू देऊ नका, गंजतात. पंधरा दिवसांनी तेल घाला. काही मोडलं तर लपवू नका, लगेच कळवा. आता तिथे विचारणारं माणूस आहे."

तेवढे तुम्हीही लक्षात ठेवा. बाकीचे मी सांभाळीन.