टाकी दिसते का

लेकीने हवामान केंद्राची नोंदवही पुन्हा पहिल्या पानापासून उलटायला घेतली. चौतीस वर्षं धुळीची वादळं वर्षाला दहा-बारा. पुढची सहा वर्षं एकदम पंचवीस, सव्वीस. चाळीसही वर्षं बाबांच्या हातची. ते निवृत्त झाल्यावर ती त्यांच्या जागी लागली आणि तिच्या पहिल्या वर्षात वादळं झाली नऊ. मुख्य कार्यालयाला एक वाजेपर्यंत तक्ता हवा होता. वादळं दुपटीने वाढली, हे छापायला तिथले लोक टपलेलेच होते.

नियम सोपा होता. किलोमीटरभरावरची पाण्याची टाकी दिसेनाशी झाली की वादळ. तेव्हा रस्ता ओलांडून केंद्राच्या यंत्रांकडे जायचं नाही, घरूनच नोंद करायची.

"बाबा, ही शेवटची सहा वर्षं बरोबर आहेत ना?"

"म्हणजे मी थापा लिहिल्या?" बाबांचा पारा चढला. "चल, यंत्रांपाशीच एकेक नोंद समजावतो."

त्यांनी पायाने चपला चाचपल्या. डावी उजव्या पायात गेली. दारात ते सवयीने थबकले आणि स्वयंपाकघराकडे हाक मारली.

"अगं, टाकी दिसते का?"

बाहेर लख्ख ऊन होतं. टाकीची शिडीसुद्धा दिसत होती.

"नाही दिसत," स्वयंपाकघरातून आई म्हणाली. भाजी चिरताना तिने मान वर केली नव्हती. "जाऊ नका आज."

बाबा निमूट मागे फिरले. "घे. वादळ. लिही."

लेक तरातरा आत गेली. तिला भयंकर राग आला होता.

"कधीपासून चाललंय हे?"

"त्यांचे डोळे अधू झाले तेव्हापासून. लांबचं दिसेना. नोकरी जाईल म्हणून कुणाला सांगू देईनात." आईचा आवाज खाली आला. "रस्त्यावरचे ट्रक मला दिसायचे ना."

"म्हणजे सगळी वादळं खोटी?"

"छे! खरीही होती की."

"मग खरी कुठली?"

"ते मी कुठं लिहून ठेवलंय, बाई?"

तेवढ्यात मुख्य कार्यालयाचा फोन वाजला. लेकीने घेतला.

"तक्ता पाठवते. पण शेवटची सहा वर्षं धरू नका."

पलीकडून कारण विचारलं. बाबा खुर्चीत ताठ झाले.

"टाकीच्या नि घराच्या मधे इमारत आलीय," ती म्हणाली. "पुढचं काही दिसत नव्हतं."

तिने फोन ठेवला. बाबांनी स्वयंपाकघराकडे तोंड वळवलं.

"अगं, मधे इमारत आहे?"

सुरी क्षणभर थांबली.

"आहे की," आई म्हणाली. "चार मजली."