अर्धवट कापलेलं डोकं

सगळ्या तपासण्या चोख आल्या होत्या. रक्त चोख, थायरॉईड चोख, हृदय तर इतकं चोख की त्याचा फोटो भिंतीला लावावा. फक्त या सगळ्या चोख अवयवांची मालकीण वेणी घालायला हात वर केला की दोन दिवस अंथरुणाला खिळायची. त्यात बाईचा धंदा केस कापण्याचा. हात वर न करता तो करायचा तर गिऱ्हाइकांना जमिनीवर झोपवावं लागलं असतं.

चौथ्या डॉक्टरने शेवटी नाव दिलं, जुनाट थकव्याचा आजार. "गोळीने पळणारा नाही," तो म्हणाला. "झोपेला, अंगदुखीला काहीतरी देतो. बाकी काम तुमचं. दमल्यावर नाही, दमण्याआधी थांबायचं. हे शरीर सूड त्याच दिवशी उगवत नाही, परवा उगवतं."

दमण्याआधी थांबायचं म्हणजे तिला जरा अश्लीलच वाटलं. तिच्या माहेरी काय, सासरी काय, बायका आडव्या पडल्यावर थांबायच्या, आणि पडल्या पडल्या वाटाणे सोलायच्या.

पण घराच्या पुढच्या खोलीतलं सलून वर्षभर बंद राहिलं, तेव्हा तिने ऐकलं. चाकांचं उंच स्टूल आणलं, बसून कापायला. दिवसाला एकच डोकं. आरशापाशी स्वयंपाकघरातलं गजराचं घड्याळ, ते वाजलं की कात्री खाली. नवऱ्याला बजावलं, "या खेपेला पडले तर खुर्ची काढून टाक. पुन्हा दुकानाचं नाव काढणार नाही." नवरा "बरं" म्हणाला आणि बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नाक शिंकरत बसला.

पहिला आठवडा सुरळीत गेला. मग नणंद आली.

नणंद शाळेत व्यायामशिक्षिका. तिच्या मते जगातल्या निम्म्या आजारांवर उपाय घाम, आणि उरलेल्या निम्म्यांवर आणखी घाम. मागे तिनेच वहिनीला पहाटे उठवून मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या होत्या. वहिनी पंधरवडाभर पडदे ओढून पडली, आणि नणंद गावभर सांगत सुटली की सातत्य नाही.

"उद्या शाळेच्या स्पर्धा. सगळ्या शाळेपुढे माईकवर मी," खुर्चीत बसत ती म्हणाली. "मानेपर्यंत आखूड कर. आणि वहिनी, बसून कापतेस होय? मजा आहे."

"मजाच आहे, वन्सं." चिडवायचं असलं की ती वन्सं म्हणायची. "तूही गप्प बस, दोघींची मजा होईल."

गप्प बसणं नणंदेच्या रक्तात नव्हतं. खांदे कसे फिरवायचे ते दाखवताना डावी बाजू पुन्हा मापावी लागली. श्वास कसा सोडायचा ते दाखवताना आणखी एकदा. अखेर डावीकडचे केस सुरेख उतरले, आणि घड्याळ वाजलं. उजवीकडचे तसेच खांद्यावर.

तिने कात्री ठेवली.

"हे काय?"

"झालं आजचं."

"अगं, अर्धंच झालंय."

"दिसतंय मला."

"पाच मिनिटांचं तर काम. तुला दम तरी लागलाय का?"

"नाही ना. म्हणून तर थांबले."

नणंदेने आरशात आधी डावीकडून पाहिलं, मग उजवीकडून. "दमतात सगळेच, वहिनी. मी काय दमत नाही?"

"तू दमतेस, झोपतेस, ताजी होऊन उठतेस. मी झोपून उठते ती आणखी शिळी. नुसता आळस असता तर तुझ्या शिट्टीला घाबरून कधीच बरी झाले असते."

खरं तर तिचे हात शिवशिवत होते. इतक्या वर्षांत तिच्या दारातून अर्धं डोकं कधी बाहेर पडलं नव्हतं. आजाराची वाटली नव्हती एवढी लाज तिला या डोक्याची वाटत होती. बोटं अगदी ठणठणीत. मेख तीच होती, मागच्या वेळीही ती ठणठणीतच होती. ती स्टुलावरून उतरली, केस धुवायच्या आडव्या खुर्चीत जाऊन पडली आणि डोळे मिटले.

"ठीक आहे. मीच कापते," नणंद म्हणाली.

कच्.

नुसत्या आवाजावरून तिला कळलं, फार वर गेलं. कच्. आता तिरकं. तिसऱ्या वेळी तर कात्री कानाच्याही वर पोचली. धावत जाऊन ती हिसकावून घ्यावी असं तिला इतकं वाटलं, की तिने खुर्चीचे दोन्ही हात गच्च धरून ठेवले.

मग कात्री खाली ठेवल्याचा आवाज.

"वहिनी." आवाज एकदम बालवाडीतला. "झोपलीस का?"

"हो."

परवाचा दिवस उजाडला. तिने अंथरुणातच आधी बोटं हलवून पाहिली, मग खांदा. जड होता, पण नेहमीएवढाच. ती उठली, पडदे सरकवले, दुकानाचं दार उघडलं. पायरीवर नणंद, डोक्याला रुमाल घट्ट बांधून.

"काय म्हणाली शाळा?"

"मुख्याध्यापकांनी विचारलं, अपघात कुठे झाला."

ती खुर्चीत बसली आणि तिने रुमाल सोडला. खांदे फिरवले नाहीत, श्वासाचं काही काढलं नाही. वहिनी स्टूल ओढून मागे येऊन बसली, तेव्हा नणंद आरशातून म्हणाली, "आज जमेल तेवढंच कर. बाकीचं उद्या केलंस तरी चालेल मला."

"बोलू नकोस," वहिनी म्हणाली. "मान हलते."