एकाच ताग्यातले दोन कोट

एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली, मतदानाच्या आदल्या आठवड्यात, शाळेच्या हॉलमध्ये वॉर्डातले दोन्ही उमेदवार, बेकरीवाला आणि डॉक्टर, चर्चेसाठी समोरासमोर उभे राहिले. दोघांच्याही अंगात अगदी एकसारखे कोट होते. पुढच्या बाकावर बसलेल्या ताईला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. कारण दोन्ही कोट तिनेच शिवले होते.

एका गिऱ्हाइकाचं काम दुसऱ्याच्या कानावर घालायचं नाही, हा तिचा पहिल्यापासूनचा नेम. बेकरीवाल्याने लेकीच्या लग्नासाठी कोट शिवून घेतला. दातांचे डॉक्टर नंतर आले. "कापड तुम्हीच निवडा, ताई, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही," म्हणाले. दुकानात चांगला तागा एकच होता, शेवाळी रंगाचा. लग्नातला कोट बेकरीवाला सभेलाही घालून येईल, हे तिच्या स्वप्नातसुद्धा नव्हतं.

ती आली होती एका प्रश्नासाठी. कालव्यावर पायी जाणाऱ्यांचा पूल होता, त्याला दोन्ही टोकांना नुसत्या पायऱ्या. अर्धांगवायूनंतर तिचे बाबा चाकांच्या खुर्चीत आले आणि पलीकडचं सगळं त्यांना तुटलं. पलीकडे शाळा, बाजार, आणि त्यांचा जन्माचा मित्र, न्हावी. दोघांची हयात बुद्धिबळात गेली होती. न्हाव्याचेही गुडघे आता पायऱ्यांना नकार देत. मग रोज संध्याकाळी दोघे आपापल्या काठावर पट मांडून बसायचे आणि पाण्यावरून ओरडून खेळायचे.

"उजवा घोडा पुढे!"

"तो मगाशीच मेला, लबाडा!"

वारा सुटला की डाव मोडायचा आणि बाबा जेवेपर्यंत धुसफुसायचे. पायऱ्यांच्या बाजूने उतार बांधला असता तर खुर्ची सहज पलीकडे गेली असती. तो बांधणार की नाही, एवढंच ताईला विचारायचं होतं. जो हो म्हणेल त्याला मत, असं ती ठरवूनच आली होती.

अध्यक्ष होत्या शाळेच्या निवृत्त मोठ्या बाई. शाळेची पितळी घंटा अजून त्यांच्याच ताब्यात होती आणि कुणी जास्त बोललं की त्या ती बडवत. ताईने हात वर केला. बाईंनी मान हलवली. ताई उभी राहिली, तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "ताई, दोघांना एकाच ताग्यात गुंडाळलंत की!"

हॉल खो खो हसला. शेजारी बसलेल्या वहिनीनेसुद्धा पदर तोंडात कोंबला.

"मला पुलाबद्दल विचारायचंय," ताई म्हणाली.

"ते विचारालच," डॉक्टर गोड हसून म्हणाले, "पण आधी सांगून टाका, नक्कल कुणी केली?"

"माझा कोट लेकीच्या लग्नातला आहे!" बेकरीवाला उसळला. "अख्ख्या वॉर्डाने जेवताना पाहिलाय!"

"म्हणजे मी तुमची नक्कल केली म्हणता?"

"मी कुठे म्हटलं? कोट बोलतोय!"

"पुलाला उतार..." ताईने पुन्हा सुरुवात केली.

घंटा वाजली. "विषयाला धरून बोला," मोठ्या बाई ताईलाच म्हणाल्या. मग कॉलर कुणाची रुंद, बटणं कुणाची भारी, यावर लोकांनी मतं दिली आणि वेळ संपला. शाळेच्या शिपायाने दिवे घालवायला सुरुवात केली तेव्हा ताई अजून उभीच होती.

"काय म्हणाले?" घरी बाबांनी विचारलं.

"कोट आधी कुणाचा, ते म्हणाले."

"आणि उतार?"

ताईने शिलाई मशीन पंख्यासारखी गरगर पळवली. रागाने तिने कुणाच्या तरी पायजम्याचे दोन्ही पाय एकमेकांना शिवून टाकले आणि मग उसवत बसली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर हजर. कॉलर बदलून हवी होती. ताईने त्यांना कोट चढवला, हात आडवे धरायला लावले आणि काखेपासून कमरेपर्यंत टाचण्या लावल्या.

"आता सांगा. उतार बांधणार?"

"अहो ताई, पहिलं काम तेच!"

"कधी?"

"लवकरच. हात खाली घेऊ?"

"टोचेल. किती लांबीचा लागेल?"

"ते इंजिनिअर बघतील हो."

"पूल पाहिलाय का तुम्ही?"

डॉक्टरांनी आरशाकडे पाहिलं. पलीकडे ते मोटारीने, रस्त्याच्या चार मैलांच्या वळशाने जात.

ते गेले आणि बेकरीवाला आला, कानाच्या पाळीला पीठ तसंच. त्याला बटणं बदलायची होती. तोही टाचण्यांत हात पसरून उभा राहिला आणि ताईने त्यालाही उताराचं विचारलं.

"नाही होणार, ताई," तो म्हणाला. "मी जाऊन विचारून आलोय. पूल कालवा खात्याचा, आपल्या वॉर्डाला काडीचा अधिकार नाही. भांडेन मी. पण जमेल असं वाटत नाही."

ताईला डॉक्टरांचाही आला नव्हता इतका त्याचा राग आला. "मग मत कशाला मागता? खोटं तरी बोलायचंत!"

"तुमच्या बाबांच्या तोंडावर?"

आतून बाबांचा आवाज आला. "अगं, त्याच्या टाचण्या काढ. आणि भावाला निरोप दे. मतदानाला मला उचलून न्या म्हणावं."

ताईच्या हातातली टाचणी खाली पडली. मेल्यावर चौघं उचलतीलच, तोवर कुणाच्या खांद्यावर जाणार नाही, हा बाबांचा हट्ट. त्या हट्टापायी ते वर्षानुवर्षं अलीकडे बसून होते.

मतदान पलीकडच्या शाळेत होतं. त्या दिवशी भाऊ आणि न्हाव्याचे जावई यांनी खुर्ची उचलून पुलावरून नेली. बाबांनी डोळे गच्च मिटून घेतले होते. पलीकडे न्हावी पट मांडूनच बसला होता. मत देऊन झाल्यावर दोघे समोरासमोर बसले आणि कुणालाही ओरडावं लागलं नाही. तरी सवयीने दोघेही ओरडतच होते. ताईने चडफडत शिक्का मारला, बेकरीवाल्याच्या नावापुढे. परतताना बाबा पुन्हा डोळे मिटून बसले. "पुन्हा नाही," एवढंच म्हणाले.

डॉक्टर निवडून आले. त्यांनी पुलाजवळ उताराची कोनशिला बसवली, नव्या कॉलरच्या कोटात फोटो काढून घेतला, आणि पुढे मोठ्या शहरात दवाखाना थाटला. बेकरीवाला हरला, तरी कालवा खात्याच्या दारात चपला झिजवत राहिला, आणि एके दिवशी भट्टीपुढेच गेला. मोठ्या बाईंनी घंटा शाळेला परत केली नाही, ती त्यांच्या सुनेकडे आहे. वहिनी ती कोटांची गोष्ट अजून पाहुण्यांना सांगते आणि पुलाचं सांगायचं विसरते. बाबा अलीकडच्या काठावर डाव अर्धा टाकून वारले. न्हाव्याने पलीकडचा पट कित्येक दिवस हलवू दिला नाही.

उतार बांधला गेला तेव्हा ताईचे स्वतःचे गुडघे गेले होते. काम चांगलं झालंय, कठडाही धरायला बरा आहे. ती रोज त्यावरून जाते, आणि रोज तिला तितकाच राग येतो.