काँक्रीटवरची बांधी

रोलिंग मिलच्या पायाचं काँक्रीट सोमवारी पडलं आणि मंगळवारी ठेकेदाराने पाण्याचा पंप रेल्वे साइडिंगच्या कामावर नेला. जाताना पाणी मारणाऱ्या चोवीसपैकी बारा बायाही नेल्या. अठ्ठावन्न सालचा मे महिना होता. काँक्रीट दहा दिवस ओलं राहायला हवं होतं. तडे गेले तर पाणी मारणारी अख्खी टोळी घरी जाईल, असं ओव्हरसियर सूर्यकांतसाहेबांनी सांगून ठेवलं होतं.

टोळीची मुकादम मैनाबाई भंडाऱ्याकडची. टाकी दोनशे पावलांवर. बाया डबे भरून आणत, अंथरलेल्या पोत्यांवर ओतत. शेवटच्या टोकाला पोचेपर्यंत पहिल्या टोकाची पोती वाळलेली असत.

दुपारी टोळीतल्या नलूने डबा आपटला. "मी का बैल आहो, मैनाबाई?"

"बैल असती तं दुपारी सावलीत सोडलं असतं तुले."

टोळीतल्या म्हाताऱ्या सिंधुताईचा गुडघा गेलेला. तिच्याने डबा उचलवत नव्हता, म्हणून मैनाबाईने तिला पोती सरळ करायला बसवलं होतं. आणखी कोणी कमी झालं तर आधी तीच जाणार आणि साइडिंगवर तिला कोणी ठेवणार नाही, हे दोघींना माहीत होतं. आणि घरी कमावणारं तिला दुसरं कोणी नव्हतं.

"सारं पानी वाहून जाऊन राहिलं," सिंधुताई म्हणाली. "धानाले करतो तशी बांधी कावून नाही करत?"

"काँक्रीटवर धान लावतं का, ताई?" नलूने विचारलं.

"धान नोको लावू. धुरा तं घाल. पानी थांबते."

बाया हसल्या. मैनाबाई मात्र घमेलं घेऊन चिकणमाती आणायला गेली. दिवस मावळेपर्यंत काँक्रीटच्या सपाटीवर वीतभर उंच चिखलाचे धुरे उभे राहिले. सिंधुताई बसल्या बसल्या सरकत ते लिंपत गेली. भरलेलं पाणी दुसऱ्या दिवसापर्यंत टिकलं. आता पोती फक्त उभ्या बाजूंना लागत.

चौथ्या दिवशी सूर्यकांतसाहेब आले. तडा कुठेच नव्हता. चार बाया सावलीला टेकल्या होत्या.

"बढिया, मैनाबाई. मग बारा कशाला? सहा पुरतील. साइडिंगवर माणसं कमी पडताहेत."

"आन कमी कोनाले करू, साहेब?"

"त्या म्हाताऱ्या बाईपासून सुरू करा."

सिंधुताईने मान वर केली नाही. तिचा हात चालूच होता.

मैनाबाई उभी होती तिथल्या धुऱ्यात तिने टाच रोवली आणि मागे ओढली. पाणी भसकन सुटलं आणि साहेबांच्या बुटांत शिरलं.

"अरे, अरे!"

"असंच हरघडी फुटते, साहेब. बसून राखा लागते. सिंधुताई, धुरा फुटला वो!"

सिंधुताई सरकत आली. बाकीच्या घमेली घेऊन धावल्या. साहेबांनी बूट झटकले, मैनाबाईच्या पायाकडे पाहिलं. टाचेला चिखल होता.

"ठीक आहे," ते म्हणाले. "काम होईपर्यंत बारा."

उरलेले सहा दिवस साहेबांची चक्कर व्हायच्या आधी मैनाबाई एक धुरा फोडून ठेवायची, आणि सिंधुताई तो लिंपत बसायची.